हॉल गुलाबी का? तुम्ही विचारलंत म्हणून

घरी पहिल्यांदा आलेला माणूस आधी भिंतींवरून नजर फिरवतो, मग माझ्याकडे बघतो. विचारावं की नको, या घोळात जरा वेळ जातो आणि मग प्रश्न येतोच, "हॉलला गुलाबी? बाळाच्या खोलीसारखं नाही वाटत?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं सविस्तर सांगून टाकते.

वाटतं की! पहिल्या खेपेला अगदी तसंच वाटलं होतं.

शेड कार्डावरची बोटभर रुंदीची एक गोड, फिकट पट्टी मी पसंत केली. चारी भिंतींवर दोन हात झाले, संध्याकाळी ट्यूब लावली आणि हॉलचं पार खेळण्यांचं खोकं झालं. रंगारी शिडीवरूनच म्हणाला, "ताई, कार्डावर एवढा नव्हता हो." खरंच नव्हता. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग फेकतात. उजेड एका गुलाबी भिंतीवरून दुसऱ्या गुलाबी भिंतीवर जातो आणि दर फेरीला आणखी गुलाबी होतो. म्हणून कार्डावर जेमतेम वाटणारा रंग खोलीत अंगावर येतो. आता मी आवडलेल्या पट्टीपेक्षा एक-दोन घरं फिकी घेते.

पण नुसतं फिकं करून भागत नाही. माझी खरी चूक होती ती झाक न बघण्याची. तो पहिला गुलाबी निळ्या-जांभळ्याकडे झुकणारा होता, आणि बाळाची खोली आठवते ती त्याच झाकेमुळे. आत्ता भिंतीवर आहे तो मातीकडे झुकतो. पांढऱ्यात गेरूचा लाल, थोडा पिवळा आणि कणभर काळा पडला की असा रंग निघतो. अर्धवट वाळलेल्या गुलाबीसर जिप्सम प्लास्टरसारखा. झाक ओळखायची माझी युक्ती साधी आहे. पट्टी कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवायची आणि शेजारी दुसऱ्या तीन-चार गुलाबी पट्ट्या मांडायच्या. एकटी असताना सगळीच गुलाबी दिसतात; रांगेत आली की कोण जांभळं, कोण विटकरी, ते लगेच कळतं.

दुसऱ्या खेपेला भिंतीला हात लावण्याआधी मी जाड पुठ्ठ्यावर दोन हात मारले, पूर्ण वाळू दिले (ओला इमल्शन फिका दिसतो, वाळला की गडद होतो) आणि तो पुठ्ठा आठवडाभर खोलीत फिरवला. सकाळी खिडकीलगतच्या भिंतीवर तो जवळजवळ राखाडी दिसायचा. दुपारी सायीसारखा. पश्चिमेचं ऊन आलं की केशरट. रात्री ६५०० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) निळसर पांढऱ्या ट्यूबखाली मात्र आजारी, २७०० च्या पिवळसर बल्बखाली पुन्हा टवटवीत. तेव्हा आधी दिवे बदलले, रंग मागून आला. हा क्रम उलटा करणाऱ्यांचे हाल मी पाहिलेत; त्यात मीही आले.

छताबद्दलही विचारता, तर निळसर पांढरा टाळा. त्याच्या शेजारी हा रंग उगाच भडकतो. किंचित पिवळसर पांढरा दिला की भिंत आणि छत यांच्यातली रेघ विरते. लाकूड गडद चालतं, आणि हिरवं काहीही चालतं, कारण रंगचक्रात हिरवा हा लालाच्या समोरचा रंग. कोपऱ्यातलं झाड भिंतीमुळे जास्त हिरवं दिसतं आणि झाडामुळे भिंत जास्त उबदार. पुन्हा गुलाबी उशा, गुलाबी पडदे मात्र नकोत. एवढं ऐकाच.

आणि हो, गुलाबीने मन शांत होतं म्हणे? ही समजूत बरीचशी १९७९ च्या एका प्रयोगातून पसरली. सिएटलमधल्या नौदलाच्या तुरुंगात एक कोठडी गुलाबी रंगवून कैदी निवळतात का ते पाहिलं होतं. नंतर जास्त काटेकोरपणे तपासलं तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. शिवाय तो गुलाबी चांगलाच झणझणीत होता, माझ्या हॉलशी त्याचं नातं नाही. माझा राग भिंतीमुळे तरी कमी झालेला नाही, घरच्यांना विचारा.

पहिल्या खेपेचा अर्धा डबा उरला होता. तो मी कपाटाच्या आतून मारला. दार उघडलं की भेटतो, आणि तिथे तो चक्क शोभतो.