नान्नजचा माळ आणि भोवत्या

मागच्या रविवारी पहाटे साडेपाचला सोलापुरातून निघालो, बार्शी रोडनं नान्नज जेमतेम वीस किलोमीटर, त्यामुळं ऊन पडायच्या आत माळावर पोचलो. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं ते हेच, पण आता माळढोक दिसेल या आशेवर इथं कोण येत नाही, आणि ते आठवलं की गलबलून येतं.

आम्ही आलो होतो भोवत्यासाठी, म्हणजे हॅरियर, घारीसारखा शिकारी पक्षी. हिवाळी पाहुणा, गवताला जवळजवळ घासतच उडतो आणि नाकतोडे टिपतो.

आधी धाविक दिसला, माळावर पळणारा छोटा पक्षी. गाडी बंद करून आतच बसलो, खाली उतरलं की पक्षी लांब जातो पण गाडीला तेवढा भीत नाही. तुरुतुरु पळाला, टक्कन थांबला, मान ताठ. छाती विटकरी, डोळ्यावर पांढरी पट्टी आणि तिच्या खाली काळी, एवढी स्वच्छ की कुणी ब्रशनं ओढलीय असं वाटावं.

दुपारी ज्वारीच्या शेतातल्या काकांनी हुरडा दिला, सोबत शेंगाची चटणी. कॅमेरा बघून म्हणाले, "त्या घारीवानी पाखरांचं फोटू काढताय व्हय? दिवस मावळायला या, हितंच गवतात बसत्यात. पन आत जाऊ नका, उठत्यात."

अगदी बरोबर, भोवत्ये रात्री जमिनीवरच झोपतात.

संध्याकाळी रस्त्यावरच थांबलो. एक राखाडी नर समोरून आला, मित्राला फोटो झकास मिळाला, डोळा न् डोळा शार्प. पण भोवत्यांच्या दोन जातींपैकी हा मॉन्टेग्यू का पॅलिड ते त्यावरून ठरेना. मी शटर १/२००० सेकंदावर ठेवून बर्स्ट, म्हणजे एका दमात सलग फोटो, मारत होतो, त्यात तो वळतानाची एक फ्रेम आली, जरा हललेली, पण पंखाची वरची बाजू दिसत होती आणि त्यावर आडवी काळी पट्टी! पॅलिडला ती नसते, त्याच्या पंखाच्या टोकाला नुसती पाचरीसारखी काळी खूण. म्हणजे हा मॉन्टेग्यू. तेव्हापासून मी सांगत सुटलोय, चेहऱ्याचा फोटो मिळाला तरी थांबू नका, पक्षी वळेपर्यंत बटण सोडू नका.

तपकिरी माद्या अवघड, तिथं गळ्याभोवतीची फिकट कॉलर बघावी लागते आणि तेवढा उजेडच उरला नव्हता. काकांनी सांगितलेल्या गवतात एकेक उतरत होती, अकरा मोजल्या, मग कॅमेरा बॅगेत टाकला आणि नुसते बघत बसलो.