न्यूयॉर्क–लंडन: जाताना सात तास, परतताना आठ

विमानात समोरच्या स्क्रीनवरचा नकाशा मी सिनेमापेक्षा आवडीने बघतो. लंडनला जाताना कॅनडाच्या पूर्व टोकाचं न्यूफाउंडलंड मागे पडलं की ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने मोजलेला वेग, ताशी हजार किलोमीटरच्या वर चढतो. विमान स्वतः हवेतून नेहमीच्याच नऊशेच्या आसपास चाललेलं असतं. वरचे शे-दीडशे जेट स्ट्रीमचे, म्हणजे उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याचे, फुकटचे.

न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापासून लंडनच्या हीथ्रोपर्यंत हवाई अंतर साधारण ५,५४० किमी. वारा नसेल तर हवेतले सहा तास दहा मिनिटं. दीडशेचा वारा पाठीशी असेल तर सव्वापाच, आणि तोच समोरून आला तर सात तास वीस-पंचवीस मिनिटं. जाताना वाचलेल्या वेळात परतीची भरपाई होत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वाऱ्यावर ब्रिटिश एअरवेजच्या एका बोइंग ७४७ विमानाने हा पल्ला ४ तास ५६ मिनिटांत गाठला होता.

म्हणूनच 'अंतर भागिले वेग' करून एकच आकडा देणारे तक्ते मला निरुपयोगी वाटतात. मुळात ५,५४० किमी कुणी तंतोतंत उडतच नाही. अटलांटिकवरचे ट्रॅक, म्हणजे विमानांचे ठरवून दिलेले मार्ग, वारा बघून रोज नव्याने आखले जातात. दिवसाचे पश्चिमेकडे, रात्रीचे पूर्वेकडे. परतताना विमान पुष्कळदा वारा चुकवायला मुद्दाम उत्तरेला, ग्रीनलंडच्या अंगाने जातं. किलोमीटर वाढतात, मिनिटं घटतात.

तिकिटावरची वेळ मात्र गेट ते गेट असते. संध्याकाळी ७ ला निघून सकाळी ७ ला पोहोचणार म्हणजे बारा तास, त्यातून घड्याळाचे पाच वजा (लंडन न्यूयॉर्कच्या पाच तास पुढे), उरले सात. त्यात जेएफकेच्या टॅक्सीवेवरची, म्हणजे धावपट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची, रांग धरलेली असते आणि हीथ्रोच्या डोक्यावर घिरट्या घालायचा वेळही. बोव्हिंगडन, लॅम्बोर्न, ऑकहॅम, बिगिन अशा चार ठिकाणी विमानं एकावर एक थर लावून थांबवतात. वारा मेहेरबान झाला आणि विमान चाळीस मिनिटं आधी उतरलं, तरी गेट रिकामं नसलं की आत बसून राहा.

आणि ही रात्रीची फ्लाइट झोपेच्या दृष्टीने भिकारच. जेवणाचे ट्रे उचलून दिवे मालवेपर्यंत दीड-दोन तास जातात, उतरण्याच्या तासभर आधी नाश्त्यासाठी दिवे लागतात. वारा जितका चांगला, तितकी झोप कमी! सकाळी निघून रात्री पोहोचवणारी फ्लाइट मिळत असेल तर ती घ्यावी. दिवस वाया जातो, पण अंग मोडत नाही.

मार्चमध्ये जाणाऱ्यांनी एक बघावं: अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळं दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, ब्रिटनमध्ये शेवटच्या. मधल्या दोन-तीन आठवड्यांत फरक चारच तासांचा असतो. पुढची ट्रेन किंवा फ्लाइट पाचाच्या हिशेबाने धरू नका.