ठोकलेली गाडी एक्सचेंजला देताना: काय सांगायचं, कसं सांगायचं

'साहेब, गाडी नॉन-ॲक्सिडेंटल आहे ना?' जुनी गाडी देऊन नवी घेताना, शोरूमच्या एक्सचेंज काउंटरवर हा प्रश्न ठरलेला असतो, आणि त्याला हो म्हणा किंवा नाही, दोन्ही उत्तरं कुचकामी. बंपर घासलेली गाडीही 'ॲक्सिडेंटल' आणि चॅसिस वाकलेलीही 'ॲक्सिडेंटल'. माझ्या 2017च्या पेट्रोल हॅचबॅकला पुढून डाव्या बाजूला मार बसला होता. म्हणून मी भागांची नावं घेऊन उत्तर दिलं: पुढचा बंपर, डावा हेडलॅम्प, डावा फेंडर आणि रेडिएटर सपोर्ट बदललाय, बोनेट ठोकून सरळ केलं, त्याला लांबी (खड्डे बुजवणारी पुट्टी) आणि रंग आहे, एप्रन (फेंडरच्या आतला पत्रा), चॅसिस, पिलर (छत पेलणारे खांब) यांना हात लागलेला नाही, एअरबॅग उघडलेली नाही.

सगळी किंमत या वर्गवारीवर ठरते. फेंडर, बोनेट, दरवाजे बोल्टवर बसतात; बदलले तरी सांगाडा तोच राहतो. एप्रन, पिलर, चॅसिसचे लेग (पुढे येणारे दांडे), डिकीचा फ्लोअर हे वेल्डिंगने जोडलेले असतात. ते कापले किंवा ओढून सरळ केले, तर पुढच्या धडकेत गाडी कशी दुमडेल याची खात्री उरत नाही. रेडिएटर सपोर्ट मधल्यामध्ये पडतो: माझ्या गाडीत तो बोल्टवर आहे, काही गाड्यांत वेल्ड केलेला असतो. हे आधी बघून ठेवा, कारण घासाघीस तिथेच होते.

गाडी नेण्याआधी मी तिची तपासणी घरीच केली. पेंटची जाडी मोजणारं साधं गेज पुरतं. सुरुवात छतापासून करावी; छत सहसा रंगवलेलं नसतं, त्यामुळे त्या गाडीचा मूळ आकडा तिथे मिळतो. कंपनीचा रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन भरतो. 200 ते 300 दिसलं तर दुसरा रंग आहे, 500च्या वर गेलं की खाली लांबी आहे असं धरा. प्लास्टिकच्या बंपरवर हे गेज चालत नाही. मग बोनेट उघडून फेंडरचे आणि बिजागऱ्यांचे बोल्ट बघावेत: डोक्यावरचा रंग पान्याने उडालेला असेल तर भाग निघालेला आहे. दरवाजाचं रबर बीडिंग थोडं ओढून पिलरवरचे स्पॉट वेल्ड पाहावेत. कंपनीचे ठिपके गोल आणि सारख्या अंतरावर असतात. गॅरेजमधलं वेल्डिंग सलग, ओबडधोबड दिसतं. इव्हॅल्युएटर, म्हणजे शोरूमतर्फे जुन्या गाडीची किंमत ठरवणारा माणूस, नेमकं हेच, याच क्रमाने करतो. त्यामुळे लपवून फार तर दहा मिनिटं मिळतात.

कागदही बोलतात. वाहन पोर्टलवर मालक, विमा, कर्जाचा बोजा दिसतो, अपघात दिसत नाही. पण पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, दिसतोच. तो सलग विनाक्लेम वर्षांप्रमाणे 20, 25, 35, 45 आणि 50 टक्के असा चढतो, आणि क्लेम झाला की शून्यावर येतो. माझ्या पॉलिसीवर 35 टक्के होते, म्हणजे त्याआधीची तीन वर्षं क्लेम नाही आणि त्याच्या मागे एक क्लेम आहे, हे कुणीही बोटांवर मोजेल. (बोनस सुरक्षित ठेवणारं ॲड-ऑन असेल किंवा जुन्या गाडीचा बोनस नव्या गाडीवर आणला असेल, तर हे गणित फसतं.) शिवाय काम अधिकृत बॉडीशॉपमध्ये झालं असेल तर जॉब कार्ड (केलेल्या कामाची नोंद) कंपनीकडे असतं.

कायद्याची बाजू गमतीशीर आहे. 1872च्या करार कायद्याच्या कलम 17 प्रमाणे नुसतं गप्प राहणं ही बहुधा फसवणूक ठरत नाही. पण त्याच कलमात घोड्याचं उदाहरण आहे: घेणारा म्हणतो, 'तू नाकारलं नाहीस तर घोडा धडधाकट आहे असं मी धरतो', आणि विकणारा गप्प बसतो. इथे गप्प बसणं म्हणजे बोलणंच. एक्सचेंजच्या फॉर्मवर 'नॉन-ॲक्सिडेंटल'पुढे टिक करणं तर त्याहून पुढचं. ते लेखी खोटं विधान आहे.

फाइलमध्ये मी चार गोष्टी ठेवल्या: बॉडीशॉपचं भागवार बिल, विमा कंपनीच्या सर्व्हेअरचा रिपोर्ट, रंग लावण्याआधीचे फोटो आणि ताजा व्हील अलाइनमेंट रिपोर्ट. सगळ्यात कामाला आले ते फोटो, कारण एप्रन शाबूत असल्याचं त्यांतच दिसत होतं. गाडीच्या पुढच्या बाजूच्या दुरुस्तीपोटी आधी 18 हजार कापायचं चाललं होतं, फाइल पाहिल्यावर 11 हजारांवर आलं. माझ्या मते इव्हॅल्युएटर पैसे कापतो ते अंदाज चुकण्याच्या भीतीपोटी. एक्सचेंज बोनस (जुनी गाडी दिल्याबद्दल मिळणारी जादा सूट) मात्र या आकड्यात मिसळू देऊ नका, तो वेगळा लिहून मागा.

एअरबॅग उघडली असेल तर ते आवर्जून सांगावं. काही गॅरेजवाले नवी बॅग न बसवता रेझिस्टर (सिस्टिमला बॅग जागेवर आहे असं भासवणारा छोटा सुटा भाग) लावून धोक्याचा दिवा विझवतात. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर वायरिंगशी खेळ झाल्याची शंका घ्यावी. ही गाडी पुढे कुणीतरी कुटुंबासाठी घेणार असते.

जे सांगितलं ते बुकिंगआधीच लेखी द्यावं. नव्या गाडीच्या डिलिव्हरीच्या दिवशी जुनी लिफ्टवर चढली आणि काही निघालं, तर पैसे भरून बसलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात काही उरत नाही. मी डिलिव्हरी नोटवर तारीख, वेळ, किलोमीटर आणि दुरुस्त भागांची यादी लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30च्या प्रतींसोबत ती जपून ठेवली. फॉर्म 29ची एक प्रत विमा कंपनीला देऊन नो क्लेम बोनसचं पत्रही घेतलं. ते तीन वर्षं चालतं.