बोटीवर डोकं फिरत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी मर्चंट नेव्हीत इंजिनियर आहे हे कळलं की आधी पगार विचारतात आणि मग हे, की महिनोन्महिने नुसतं पाणी बघून डोकं फिरत नाही का हो?

पाण्याने नाही फिरत. आम्ही इंजिनवाले पाणी बघतोच कुठे! डोकं फिरतं झोपेपायी. हल्ली बऱ्याच जहाजांवर रात्री इंजिनरूममध्ये कुणी नसतं, ज्याची ड्यूटी त्याच्या केबिनमध्ये अलार्म वाजतो. अडीचला वाजला की बॉयलरसूट चढवून खाली पळायचं, तर कुठल्यातरी बिल्जची, म्हणजे तळाशी घाण पाणी साठतं त्या जागेची, लेव्हल वर आलेली, पंप लावायचा, वर यायचं, आणि मग पडलं तरी डोळा लागत नाही कारण कान पुढच्या अलार्मकडे. सकाळी आठला परत हजर. नियम आहे ना, २४ तासांत किमान १० तास विश्रांती, आठवड्यात ७७. विश्रांतीच्या तासांच्या शीटमध्ये तास कमी पडून लाल दिसलं तर ते हिरवं कसं करायचं हे सगळ्यांना येतं, जास्त बोलत नाही.

आमच्यातला एक मोटरमन, म्हणजे इंजिनरूममधला कामगार, जेवायला यायचा बंद झाला. विचारलं की "नंतर खातो साब". कुकने झाकून ठेवलेलं ताट रात्री तसंच. चार-पाच दिवसांनी चीफ इंजिनियरने कॅप्टनला सांगितलं, पुढच्या पोर्टवरून त्याला घरी पाठवलं आणि कागदावर लिहिलं पाठदुखी. त्यानेच हात जोडून तसं लिहायला लावलं. कारण आम्ही बहुतेक सगळे कॉन्ट्रॅक्टवाले, मेडिकलमध्ये डिप्रेशन आलं की पुढचं जॉइनिंग गेलंच समजा. बरं, दाखवणार तरी कुणाला? जहाजावर शंभर माणसं नसली तर डॉक्टर सक्तीचा नाही, आम्ही वीस-बावीस, औषधाचं कपाट सेकंड ऑफिसरकडे. त्याच्याकडे क्रोसिन मिळते.

२०२० मध्ये तर कहर झाला. क्रू चेंज, म्हणजे जुने उतरून नवे चढणं, बंद, जगभरात ४ लाखांच्या आसपास लोक कॉन्ट्रॅक्ट संपूनही बोटीवरच. सलग बारा महिन्यांच्या आत घरी सोडायचं असा आंतरराष्ट्रीय नियम, पण तेव्हा कित्येकांनी वर्ष ओलांडलं.

आता म्हणाल वायफाय आलंय की. आलंय, चांगलंच आहे, पण जेवण झालं की जो तो केबिनमध्ये, स्मोकरूममधल्या कॅरमवर धूळ. आणि घरी आई पडली हे पाच मिनिटांत कळतं, निघता मात्र येत नाही, पुढचं पोर्ट बारा दिवसांवर. पूर्वी पत्र उशिरा यायचं तेच बरं होतं असं म्हातारे बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, म्हणतात, मला नाही पटत, पण त्यांचं म्हणणं कळतं.

घरात कुणी बोटीवर असेल तर सीफेअररहेल्प नावाची हेल्पलाइन आहे, चोवीस तास, फुकट, हिंदीतही बोलतात, नंबर त्याच्या फोनमध्ये आधीच सेव्ह करून द्या. आणि दर फोनला "कधी येणार" विचारू नका हो, रिलिव्हर, म्हणजे त्याच्या जागी येणारा, विमानात बसेपर्यंत ते कॅप्टनलाही माहीत नसतं.