तुम्ही विचारलंत म्हणून: ‘आम्हा दोघांच्या रक्तात दोष नाही, मग दुसऱ्या बाळाला भीती नाही ना?’

हा प्रश्न येतो तेव्हा हातात बहुतेक वेळा एकाच प्रकारचा कागद असतो. बाळ सहा-सात महिन्यांचं असताना तापात आकडी आली, ती अर्धा तास थांबेना. पुढे गरम पाण्याने अंघोळ घातली तरी फिट यायला लागली. ड्रॅव्हे सिंड्रोमचं, म्हणजे बाळवयात सुरू होणाऱ्या एका गंभीर एपिलेप्सीचं (फिट येण्याच्या आजाराचं) निदान झालं, एससीएन१ए या जनुकात दोष सापडला. आईवडिलांच्या नावापुढे मात्र ‘आढळला नाही’ आणि खाली ‘डी नोव्हो’, म्हणजे बाळात नव्याने झालेला.

भीती बहुधा थोडीच आहे. पण ‘आढळला नाही’ याचा अर्थ ‘नाहीच’ असा धरून पुढचं ठरवू नका.

तासगावकडच्या बागायतदाराला हे समजायला सोपं जातं. थॉमसन जातीची द्राक्षाची वेल असते, सगळ्या काड्यांना सारखेच घड. काडीवरच्या एखाद्या डोळ्यातच (कोंबातच) फरक पडतो आणि त्या एका काडीला वेगळे, लांबट मणी लागतात. तास-ए-गणेश ही जात थॉमसनमधल्या अशाच फरकातून निवडलेली. बाकीच्या काड्या तपासल्या तर काहीच सापडणार नाही. कलम मात्र त्या काडीचं केलं तर नवीन वेल सगळीच तशी येते. माणसातही असंच होतं. आई किंवा वडील स्वतः गर्भात असताना, पेशी दुपटीने वाढत असताना एका पेशीत चूक होते. तिच्यापासून झालेल्या पेशींमध्ये दोष राहतो, बाकीच्या निर्दोष. याला मोझॅक म्हणतात. दोष रक्तात नसून बीजात, म्हणजे शुक्राणूत किंवा बीजांडात असू शकतो, किंवा दोन्हीकडे थोडाथोडा. त्या आईला वा वडिलांना स्वतःला काहीच त्रास नसतो, किंवा लहानपणी तापात एखादी आकडी येऊन गेलेली असते. आजीला एकदा नीट विचारा. पुष्कळदा तिलाच आठवतं.

मग तपासणीत ते का निसटतं? जनुकातली अक्षरं वाचायच्या जुन्या सँगर पद्धतीत आलेखावर रंगीत शिखरं दिसतात. बाळाच्या आलेखात दोषाच्या जागी दोन शिखरं जवळपास सारख्या उंचीची असतात. मोझॅक पालकाच्या आलेखात मोठ्या शिखराच्या पायथ्याशी नुसता उंचवटा असतो, आणि तो यंत्राची खरखर समजून सोडला जातो. पंधरा-वीस टक्क्यांच्या खालचं दोषाचं प्रमाण या पद्धतीत भरवशाने दिसत नाही. एक्सोम तपासणीत, म्हणजे सगळ्या जनुकांचा कामाचा भाग एकदम वाचतात त्या तपासणीत, एक जागा साधारण शंभर वेळा वाचली जाते. त्यात चार-पाच वेळा दोष दिसला तर सॉफ्टवेअर तो गाळून टाकू शकतं. 2018 साली अशा ‘नव्याने झालेल्या’ गंभीर एपिलेप्सीच्या 120 कुटुंबांत पालकांची खोल तपासणी (तीच जागा पुष्कळ वेळा वाचून) झाली, तेव्हा 10 कुटुंबांत आई किंवा वडील मोझॅक निघाले. दोषाचं प्रमाण 1.4 ते 30.6 टक्के होतं.

म्हणून प्रयोगशाळेला एवढंच सांगा: पुन्हा सगळी जनुकं नकोत, बाळात सापडलेली ती एकच जागा दोघांच्या नमुन्यात हजारो वेळा वाचा. रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत 2 ते 4 मिली घेतात. नळी हलकेच आठ-दहा वेळा उलटीपालटी करायची, नाहीतर रक्त साकळतं. नमुना पुण्या-मुंबईला जाताना बर्फात गोठवू नये. रक्ताबरोबर लाळही द्या. लाळ देण्याआधी अर्धा तास खाणं, पिणं, तंबाखू, मिश्री काही नको. भांड्यात फेस भरून उपयोग नाही, फेसाखालची लाळ मोजायची.

वडिलांच्या बाबतीत सर्वांत कामाचा नमुना वीर्याचा, आणि तो मागायला कुणी संकोचू नये. शुक्राणूत जनुकाची एकच प्रत असते, त्यामुळे शंभरात आठ वेळा दोष दिसला तर साधारण शंभरातले आठ शुक्राणू दोषाचे. प्रत्येक गरोदरपणातला धोका तेवढाच. रक्तात तेच आठ म्हणजे सोळा टक्के पेशी, कारण तिथे दोन प्रती असतात. पण रक्तातल्या आकड्यावरून बीजातला आकडा सांगता येत नाही. आईच्या बीजांडांची अशी तपासणी करता येत नाही. म्हणून आईच्या रक्तात थोडासाही दोष सापडला तर धोका निम्म्यापर्यंत असू शकतो असं धरून चालावं. दोघांच्याही नमुन्यात काहीच नसेल तर साधारण एक टक्का धरतात. शून्य कुणीच म्हणू नये.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. दोष आईकडे निघाला की ‘माहेरचंच खोड’ असं घरात बोललं जातं. हा दोष माहेरचाही नाही आणि सासरचाही नाही. ती व्यक्ती जन्माला यायच्या आधी एका पेशीत झालेली ती चूक आहे. ग्रहणात काय चिरलं, डोहाळ्यात काय खाल्लं, याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

दिवस राहिल्यावर अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात वारेचा तुकडा किंवा सोळाव्यानंतर गर्भजल घेऊन तीच एक जागा तपासता येते. हे नोंदणीकृत केंद्रातच होतं, आणि मुलगा की मुलगी हे सांगितलं जात नाही. पालकांचे रिपोर्ट यायला मात्र कित्येक आठवडे जातात, म्हणून पाळी चुकायच्या आधीच हे काम हाती घ्या. जाताना बाळाचा पूर्ण रिपोर्ट न्या. ‘एससीएन१ए पॉझिटिव्ह’ एवढ्यावर भागत नाही. जनुकाच्या नावापुढे अक्षरं आणि आकडे मिळून जो लांब संकेत छापलेला असतो, तो जसाच्या तसा हवा.