सुनेची गोळी सासूला चालत नाही

'थायरॉईड निघालं' एवढ्या दोन शब्दांवर कोणी गोळी सुरू करू नये आणि बंदही करू नये. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझं मेडिकल आहे. घरातल्या एकाची गोळी दुसऱ्यानं खाल्ल्याचं इथं वरचेवर कानावर येतं.

परवा सत्तरी ओलांडलेली एक माय रिपोर्ट घेऊन आली. टीएसएच ६.८, टी-फोर नॉर्मल. "भाऊ, मले बी थायरॉईड निघालं. सुनेची पन्नासची गोळी घरी हाये, तेच घेऊ काय?"

"नको माय," म्हटलं आणि तिला बसायला स्टूल दिला.

टी-फोर हे गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचं हार्मोन; टीएसएच म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीनं तिला कामाला लावायला मारलेली हाक. टी-फोर ठीक आणि टीएसएच थोडा वर, म्हणजे थायरॉईड ग्रंथी जराशी सुस्तावली आहे आणि पिट्युटरी तिला जोरानं हाका मारते आहे. उतारवयात हा आकडा थोडा चढतोच. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासला की पुष्कळांचा आपसूक खाली आलेला असतो.

हृदयाशी संबंध आहेच. हार्मोन कमी पडलं की यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कमी उचलतं. रक्तवाहिन्या ताठरतात. टीएसएच १० च्या वर असलेल्यांत हृदयविकार आणि हार्ट फेल्युअर जास्त आढळतं, म्हणून तिथं डॉक्टर बहुधा गोळी देतात. सुनेचा आकडा १४ होता, वय चाळिशीच्या आत. तिला गोळी हवीच.

सासूचं तसं नाही. युरोपात ६५ वर्षं आणि त्यापुढच्या वयाच्या ७३७ जणांवर अभ्यास झाला, २०१७ मध्ये निष्कर्ष आले: अशा सौम्य थायरॉईडला गोळी देऊनही थकवा काही कमी झाला नाही. आणि डोस जास्त झाला तर तो हृदयावरच येतो. ठोके अनियमित होतात, त्यातून लकवा मारू शकतो. म्हाताऱ्या माणसाची हाडंही ठिसूळ होतात. मायला मी बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून रिपोर्टसकट डॉक्टरांना भेटायला सांगितलं.

मला जास्त काळजी वाटते ती सुनांची. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे चहा ढोसून वावरात पळायचं, त्यात गोळी राहते ती राहतेच. बाई, गोळी उशाशी ठेवा. उठल्याबरोबर पाण्यासोबत घ्या, चहा अर्ध्या तासानं. आशाताईंनी दिलेली लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी मात्र चार तासांनी, दुपारच्या भाकरीनंतर घेतली तरी चालेल.