त्याच्या पायात चपला हाईत का?

सिंहगड मी इतक्या वेळा चढलेय की ते उगाच कुणालाही ऐकवत असते. त्यामुळे मे महिन्यातल्या त्या रविवारी माझ्या कुत्र्याला, चिकूला, आणि मैत्रिणीच्या काळ्या लॅब्रेडॉरला बरोबर न्यायचं ठरलं, तेव्हा फार विचार केलाच नाही. आतकरवाडीची पायवाट जेमतेम पावणेतीन किलोमीटर, सहाशेएक मीटरचा चढ. वर देवटाक्याचं गार पाणी, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही आणि परत. साडेपाचला घर सोडायचं होतं. पायथ्याला पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते.

दर वळणावर "चावतो का हो?" एका गृहस्थांनी चिकूची जात विचारली. गावठी म्हटल्यावर त्यांचा चेहराच पडला.

वाडीतूनच एक तांबडा कुत्रा आमच्या मागे लागला. बिस्किटांसाठी असणार, म्हटलं. पण हा गडी वाटेने चालेचना. एका करवंदीच्या जाळीतून पळत दुसऱ्या जाळीत शिरायचा, पंजांनी माती उकरायचा आणि खालच्या गार मातीवर पोट टेकून आमची वाट बघायचा. आमचे दोघे पट्ट्याला बांधलेले, वाटेच्या मधोमध, तापल्या दगडांवरून. मी त्या तांबड्याचा फोटो काढला. गंमत वाटली म्हणून!

निम्म्या वाटेवर ताकवाल्या मावशींचं झोपडं आहे. तिथे लॅब्रेडॉरने बसकणच मारली. जीभ एका बाजूला लोंबतेय, श्वास भात्यासारखा. मी ताक मागितलं तर मावशी उठल्याच नाहीत.

"ताई, त्याच्या पायात चपला हाईत का? तुमच्या काढून बघा बरं जरा."

मी खरंच बूट-मोजा काढून शेजारच्या कातळावर पाय ठेवला. पाच आकडेसुद्धा मोजून झाले नाहीत. कुत्र्याला घाम येतो तो तळव्यांतून, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर, हे मला चांगलं ठाऊक होतं. गेल्याच उन्हाळ्यात मी शेजाऱ्यांना त्यावर व्याख्यान दिलं होतं.

मावशींनी हंडा कलता केला. पोटावर, मांड्यांत, पंजांवर ओलं फडकं फिरवलं, मग घमेल्यात प्यायला ओतलं. एवढ्यात तांबडाही आला आणि त्यांच्या पायाशी लवंडला. "मोत्या, आलास व्हय?" म्हणजे तो त्यांचाच. आणि हंडा खालून डोक्यावर आणलेला. ताकाचे पैसे त्यांनी घेतले, पाण्याचे विचारले तर नुसतं माझ्याकडे बघितलं.

ऊन कलेपर्यंत तिथेच पडून राहिलो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मावशी आमची गोष्ट सांगत होत्या, प्रत्येक वेळी थोडी वाढवून. देवटाकं राहिलं. साडेपाचला खाली निघालो, मोत्या वाडीपर्यंत सोडायला आला. बिस्किटांचा पुडा त्याच्यापुढे फोडला, तो हुंगून परत वर निघाला. बिस्किटं चिकूने खाल्ली.